पुस्तकं जळगावात, वाचणारा पुण्यात: घरचा ई-बुक संग्रह बाहेरून सुरक्षितपणे कसा उघडायचा

जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठलंही गाव घ्या. घरातली शिकती-कमावती पोरं पुण्याला, नाशिकला नाहीतर सुरतेला असतात. हातात फोन असतो, टॅब असतो, पण वर्षानुवर्षं जमवलेली ई-पुस्तकं घरच्या जुन्या लॅपटॉपवर पडून असतात. एमपीएससीच्या नोट्स, विकत घेतलेली ईपब पुस्तकं, स्कॅन केलेले दिवाळी अंक, केळी-कापसाची माहितीपत्रकं. हवं ते पुस्तक नेमकं तिकडेच राहतं. मग घरी फोन जातो: "नाना, लॅपटॉप उघडा ना, ती फाइल व्हॉट्सॲप करा." नानांना फाइल सापडत नाही, आणि सापडली तर ती भलतीच निघते.

या लेखात सांगितलेली मांडणी केली की लॅपटॉप घरीच राहील, पुस्तकंही त्याच्यावरच राहतील, आणि तुम्ही कुठूनही फोनवरून सगळा संग्रह चाळू शकाल. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. प्रोग्रामिंग यायची गरज नाही. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा, कारण नवशिके तिथंच चुकतात: संग्रहापर्यंत इंटरनेटवरून पोचायचं असलं, तरी तो इंटरनेटवर मांडून ठेवायची गरज नसते.

आणि तुमची पुस्तकं पन्नास-शंभरच असतील तर हे सगळं करूच नका. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, तिथं टाका आणि मोकळे व्हा. संग्रह हजाराच्या घरात गेला असेल, स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफ असतील, किंवा घरातल्या चौघांना एकच संग्रह वापरायचा असेल, तरच पुढे वाचा.

कुठलं यंत्र, आणि ते कुठं ठेवायचं

आपल्याकडे हॅकर यायच्या आधी लाइट जाते. म्हणून माझं मत जुन्या लॅपटॉपच्या बाजूनं आहे. त्याची बॅटरी अर्धा-पाऊण तास जरी टिकत असली तरी थोड्या वेळासाठी लाइट गेली तर निभावून जातं. रास्पबेरी पाय हे छोटं यंत्र वीज कमी खातं, दिसतंही छान, पण लाइट अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडण्याची भीती असते. पायच वापरायचा असेल तर त्याला यूपीएस लावा आणि पुस्तकं कार्डावर न ठेवता वेगळ्या एसएसडीवर ठेवा.

लॅपटॉप चालू पण राउटर बंद, अशा अवस्थेत काहीच उपयोग नाही. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर हलवला की काम झालं.

आता उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या वरच्या खोलीत चोवीस तास चालू असलेला लॅपटॉप म्हणजे बॅटरी फुगायला आमंत्रण. तळमजल्यावरची सावलीची खोली शोधा. लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका, खालून हवा खेळू द्या. कूलरच्या झोतासमोर तर अजिबात नको. ती हवा गार असते खरी, पण ओली असते, आणि सोबत धूळही आणते. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. असेल तर ती चालू करा. दर महिन्याला एकदा लॅपटॉप उलटा करून खालचा भाग सपाट आहे ना ते पाहा. फुगीर वाटला तर बॅटरी काढून टाका. मग लॅपटॉपही यूपीएसवर न्यावा लागेल.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. चार्जर लावलेला असताना लॅपटॉप कधीही स्लीपमध्ये जाऊ नये, झाकण मिटलं तरी तो चालूच राहावा, आणि विंडोजनं अपडेटसाठी रीस्टार्ट करायचंच असेल तर ते पहाटे करावं. लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल तर एक लक्षात घ्या: त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ चालत नसेल इतकं यंत्र जुनं असेल, तर त्यावर लिनक्स मिंट टाका. या कामासाठी ते उत्तम चालतं.

पुस्तकं कॅलिबरमध्ये आणा

कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या सतत येत असतात. अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. पहिल्यांदा उघडलं की ते 'पुस्तकांचं फोल्डर कुठं ठेवू' असं विचारतं. ते फोल्डर लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. कॅलिबर त्या फोल्डरात एक डेटाबेस ठेवतं, आणि दोन प्रोग्राम एकाच वेळी त्याला हात लावू लागले की तो बिघडू शकतो.

'ॲड बुक्स' दाबून पुस्तकं आत घ्या. कॅलिबर प्रत्येक फाइलची प्रत आपल्या फोल्डरात करतं, मूळ फाइल जागेवरच राहते. त्या फोल्डरात डोकावलात तर मराठी पुस्तकांची नावं विचित्र रोमन स्पेलिंगमध्ये दिसतील. तो बिघाड नाही, कॅलिबरची ती पद्धतच आहे. फोल्डरांना हातानं नवी नावं देऊ नका, नाहीतर कॅलिबरला ती पुस्तकं सापडणार नाहीत. नाव बदलायचं ते कॅलिबरच्या 'एडिट मेटाडेटा'मधूनच. मेटाडेटा म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, टॅग ही माहिती.

मराठी संग्रहात खरी मेहनत याच मेटाडेटावर पडते, आणि ती टाळली तर पुढचं सगळं फुकट जातं. शेकडो मैलांवरून शोधताना तुमच्याकडे शोधाची एक चौकट असते, बाकी काही नाही. अर्ध्या पुस्तकांची नावं देवनागरीत आणि अर्ध्यांची इंग्रजी अक्षरांत असतील तर निम्मा संग्रह कधी सापडणारच नाही. एक लिपी ठरवा. मराठी पुस्तकांना देवनागरीच बरी. लेखकाचं नावही सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा, नाहीतर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. 'एमपीएससी', 'केळी', 'अहिराणी', 'दिवाळी अंक' असे चार-सहा टॅग पुरेत. चाळीस टॅग केले की कुठला कशासाठी होता ते आपल्यालाच आठवत नाही.

जुन्या मराठी पीडीएफची आणखी एक गंमत. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जमान्यातल्या फाइलींमधली अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या संकेतात, नसतात. तपासायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. अगम्य चिन्हं उमटली तर त्या फाइलचं ईपब करण्याच्या भानगडीत पडू नका. पानापानावर तसाच कचरा येईल. पीडीएफ पीडीएफच राहू द्या, फक्त नाव, लेखक आणि टॅग नीट युनिकोडमध्ये भरा.

पुस्तकं आणायची कुठून? ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं मोफत देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशनं पीडीएफमध्ये मिळतात. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त ग्रंथ आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणजे त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. दुकानातून घेतलेल्या कुलूपबंद, म्हणजे डीआरएम असलेल्या फाइली मात्र कॅलिबरमध्ये दिसल्या तरी वाचता येणार नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या ॲपमध्येच वाचा.

आधी घरातल्या घरात चालवून पाहा

बाहेरच्या जोडणीला हात लावण्यापूर्वी घरच्या वायफायवर हे चाललं पाहिजे. ही पायरी गाळली की पुढं काही अडलं तर दोष कुठं आहे ते कळत नाही.

कॅलिबरमध्ये 'प्रेफरन्सेस' उघडा आणि 'शेअरिंग ओव्हर द नेट'वर जा. तिथं सर्व्हरचा, म्हणजे पुस्तकं इतर उपकरणांना देणाऱ्या कॅलिबरच्या भागाचा, पोर्ट (दाराचा नंबर) ८०८० दिसेल, तो तसाच असू द्या. 'रिक्वायर युजरनेम अँड पासवर्ड' या चौकटीत खूण करा. 'रन सर्व्हर ऑटोमॅटिकली' हेही निवडा, म्हणजे कॅलिबर सुरू झालं की सर्व्हर आपोआप सुरू होईल. मग 'युजर अकाउंट्स' या टॅबवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. प्रत्येक खात्याला संग्रहात बदल करण्याची परवानगी द्यायची की नाही हे ठरवता येतं. ती फक्त स्वतःला द्या. बाकीच्यांना नुसतं वाचता आलं तरी पुरे. पासवर्ड लांब ठेवा. जन्मतारीख, गाडीचा नंबर, 'जळगाव' आणि पिनकोड असली जोडकामं नकोत. पासवर्ड लक्षात ठेवायला बिटवॉर्डनसारखं पासवर्ड मॅनेजर ॲप वापरा.

आता 'स्टार्ट सर्व्हर' दाबा. विंडोजचा फायरवॉल परवानगी मागेल, त्यात 'प्रायव्हेट नेटवर्क'ला हो म्हणा, 'पब्लिक'ला नाही. नंतर कॅलिबरच्या 'कनेक्ट/शेअर' या बटणाच्या यादीत लॅपटॉपचा पत्ता दिसेल, १९२.१६८.१.२० असा काहीतरी. फोन त्याच वायफायवर ठेवा, ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, पुढे अपूर्णविराम (:) आणि ८०८०. इथं आकडे देवनागरीत छापलेत, टाइप करताना ते इंग्रजीतच टाका. युजरनेम-पासवर्ड विचारला आणि मुखपृष्ठं दिसायला लागली की निम्मं काम झालं.

पत्ता उघडलाच नाही तर विंडोजनं घरच्या वायफायला 'पब्लिक' समजलंय का ते वायफायच्या सेटिंगमध्ये पाहा आणि 'प्रायव्हेट' करा. बहुतेक वेळा घोडं इथंच अडतं.

कॅलिबरचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात टाकून ठेवा, म्हणजे लॅपटॉप रीस्टार्ट होऊन लॉगिन झालं की ते आपोआप उघडेल.

राउटरचा दरवाजा उघडू नका

इंटरनेटवर शोधलंत तर बरेच जण सोपा उपाय सांगतील: राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करा, ८०८० बाहेर उघडा, झालं. हे करू नका. वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा टाकून आतल्या कपाटाच्या कुलपावर भिस्त ठेवण्यासारखं आहे ते.

"आमच्या एवढ्याशा लॅपटॉपकडे कोण बघणार" या समजाला काही अर्थ नाही. मुद्दाम कोणी बघत नाही, सगळ्यांकडेच बघितलं जातं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन दाखवलं, ते वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपू शकतं. शोडॅनसारखी शोधयंत्रं इंटरनेटवर उघड्या पडलेल्या यंत्रांची यादीच करून ठेवतात. दार उघडलंत की ठोठावणारा यायला वेळ लागत नाही.

आणि कपाटाचं कुलूपही नेहमी भक्कम नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिबरच्या याच सर्व्हरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ६.९ ते ७.१४ या आवृत्त्यांमध्ये लॉगिन न करताही बाहेरच्या माणसाला तुमच्या संगणकावर हवे ते आदेश चालवता येत होते. पुढच्या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. पण कॅलिबर स्वतःहून अपडेट होत नाही, 'नवी आवृत्ती आली' एवढंच सांगतं, आणि घरी नाना ती सूचना बंद करून टाकतात. जुनी आवृत्ती आणि उघडा पोर्ट एकत्र आले असते, तर पुस्तकांच्या निमित्तानं घरचे बँकेचे कागद, आधारच्या प्रती, सगळंच गेलं असतं.

त्यात आपल्याकडच्या अनेक जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतही नाही. पत्ते अपुरे म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुमची जोडणी अशीच आहे आणि राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरून वाट मिळणार नाही. काही कंपन्या वेगळे पैसे घेऊन स्थिर आयपी देतात. या कामासाठी तो घेऊ नका, गरजच नाही.

राउटरच्या पानावर गेलाच आहात तर दोन कामं उरकून घ्या: ॲडमिनचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि 'यूपीएनपी' बंद करा. ते चालू असलं की घरातली उपकरणं तुम्हाला न विचारता बाहेरचे पोर्ट उघडू शकतात.

आपल्यापुरती खासगी वाट: टेलस्केल

टेलस्केल तुमच्या उपकरणांचं एक छोटं खासगी जाळं बनवतं. फोन पुण्यात आणि लॅपटॉप जळगावात असला तरी दोघांना आपण एकाच घरच्या वायफायवर आहोत असं वाटतं. बाकी जगाला लॅपटॉप दिसतच नाही. आतून ते वायरगार्ड वापरतं. वायरगार्ड हे छोटं, नीट तपासलेलं तंत्र आहे आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ कर्नलपासून ते लिनक्समध्येच समाविष्ट आहे. सीजीनॅट असलं तरी टेलस्केल चालतं, कारण दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात. थेट वाट जमली नाही तर मजकूर मधल्या रिले सर्व्हरमार्फत जातो. वेग थोडा कमी होतो, पण मजकूर कुलूपबंदच राहतो. घरगुती वापराची योजना मोफत आहे.

सुरुवात खात्यापासून. टेलस्केलचा स्वतःचा पासवर्ड नसतो. तुम्ही गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल अशा खात्यानं आत जाता. याचा अर्थ ते खातं ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती तुमचं जाळं गेलं. म्हणून आधी त्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू करा, आणि तीही शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपनं. मगच पुढे.

लॅपटॉपवर टेलस्केल उतरवून त्या खात्यानं लॉगिन करा. लॅपटॉपला १०० नं सुरू होणारा एक नवा पत्ता मिळेल, समजा १००.१०१.१२.७. हाही वर सांगितलेल्या १०० च्या पट्ट्यातलाच असतो, पण राउटरच्या 'वॅन आयपी'शी त्याची गल्लत करू नका. हा फक्त तुमच्या जाळ्यातला पत्ता आहे. विंडोजवर टेलस्केलच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'रन अनअटेंडेड' निवडा, म्हणजे कोणी लॉगिन केलेलं नसतानाही जाळं जोडलेलं राहील.

मग फोनवर टेलस्केल ॲप टाका, तेच खातं वापरा, आणि व्हीपीएनची (अशा खासगी जोडणीची) परवानगी मागेल ती द्या. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. ऑफिसचा व्हीपीएन लावलात की हा बंद पडेल.

आता खरी परीक्षा. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, आणि ब्राउझरमध्ये १००.१०१.१२.७ च्या जागी तुमचा पत्ता आणि पुढे अपूर्णविरामासह ८०८० टाका. संग्रह उघडला की झालं. पत्त्याशेजारी ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणेल. पान एचटीटीपीवर, म्हणजे स्वतःचं कुलूप नसलेल्या पद्धतीवर, असल्यानं ते तसं म्हणतं, पण त्याच्या बाहेरची सगळी वाट वायरगार्डनं कुलूपबंद केलेली आहे, त्यामुळे इथं ती सूचना मनावर घेऊ नका. इतर कुठल्याही संकेतस्थळावर मात्र घ्या.

एक काम हमखास राहून जातं आणि सहा महिन्यांनी रडवतं. टेलस्केल प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीनं पुन्हा लॉगिन करायला लावतं. ही मुदत सहसा १८० दिवसांची असते. फोन हातात असतो म्हणून त्याचं काही नाही, पण घरच्या लॅपटॉपची मुदत संपली तर तो जाळ्यातून गळतो आणि तुम्ही तिकडे दूर. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर फक्त त्या लॅपटॉपसाठी 'डिसेबल की एक्स्पायरी' करा. फोनचं करू नका.

मनात शंका येईल की मधली कंपनी आपली पुस्तकं बघते का. कुलपाच्या खासगी किल्ल्या तुमच्या उपकरणांवरच तयार होतात आणि तिथंच राहतात, त्यामुळे कंपनीला मजकूर वाचता येत नाही. कोणती उपकरणं जोडलेली आहेत हे मात्र तिला माहीत असतं. तेवढंही नको असेल तर हेडस्केल हा मुक्त-स्रोत पर्याय आहे, पण तो स्वतः चालवावा लागतो आणि पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये असं मी म्हणेन.

टेलस्केलमध्येच 'फनेल' नावाची सोय आहे. तिच्यामुळे तुमचं पान सगळ्या जगाला उघडं होतं. आपण जे टाळायला निघालो तेच ते. तिला हात लावू नका.

वाचायचं कशात

ब्राउझरमध्येच पुस्तक उघडून वाचता येतं, पण प्रवासात त्याचा भरवसा नाही. चाळीसगाव सोडून घाट लागला की रेंज जाते. म्हणून पुस्तक आधी उतरवून घ्यायची सवय लावा. साधं मजकुराचं ईपब क्षणात उतरतं. स्कॅन केलेली पीडीएफ शंभर-दोनशे एमबीची असू शकते, ती खोलीवरच्या वायफायवर उतरवा.

याहून सोयीचा मार्ग म्हणजे ओपीडीएस. पुस्तकांची यादी वाचन-ॲपला थेट देणारी ही पद्धत कॅलिबरमध्ये आधीपासून असते. कोरीडर, मून प्लस रीडर, लिब्रेरा अशा ॲपमध्ये 'कॅटलॉग जोडा' असा पर्याय सापडेल. तिथं मघाचाच पत्ता, ८०८० नंतर एक तिरपी रेघ (/), आणि ओपीडीएस ही चार इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाका. मग ॲपमधूनच शोधा, उतरवा, वाचा. काही ॲप पासवर्ड बरोबर असूनही नाकारतात. त्यांना कॅलिबरची 'डायजेस्ट' पडताळणी समजत नाही. कॅलिबरच्या त्याच शेअरिंगच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये ती 'बेसिक' करा. टेलस्केलच्या आत हे चालतं. उघड्या इंटरनेटवर कधीही चालणार नाही.

किंडलवर टेलस्केल बसत नाही. पुस्तक फोनवर उतरवा आणि 'सेंड टू किंडल'नं पाठवा, ते ईपब घेतं.

बहिणीला, मित्राला, सगळ्या गावाला?

नाशिकच्या बहिणीला संग्रह द्यायचा तर तिला तुमचा गूगलचा पासवर्ड देऊ नका. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर लॅपटॉपसमोर 'शेअर' दाबा, तयार झालेली लिंक तिला पाठवा. ती स्वतःच्या खात्यानं आत येईल आणि तिला तुमच्या जाळ्यातला फक्त तो लॅपटॉप दिसेल. कॅलिबरमधलं तिचं वेगळं खातं तुम्ही काढलेलंच आहे. लॅपटॉपवर विंडोजची फोल्डर शेअरिंग चालू असेल तर आधी बंद करा, म्हणजे पुस्तकांच्या पलीकडे काही दिसणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ही लिंक टाकू नका. विकत घेतलेल्या पुस्तकाची किंमत लेखक-प्रकाशकाला एकदाच मिळालेली असते, आणि मराठीत आवृत्त्या किती छोट्या निघतात हे आपल्याला माहीत आहे. गावासाठी काही करायचंच असेल तर प्रताधिकारमुक्त आणि मोफत पुस्तकांची वेगळी लायब्ररी कॅलिबरमध्ये बनवा. कोणत्या खात्याला कोणती लायब्ररी दिसावी हे 'युजर अकाउंट्स'मध्येच ठरवता येतं.

बॅकअप

लॅपटॉप जुना आहे, उन्हाळा कडक आहे, म्हणजे डिस्क कधीतरी जाणारच. कॅलिबरच्या लायब्ररी बटणाच्या यादीत 'एक्सपोर्ट/इम्पोर्ट ऑल कॅलिबर डेटा' आहे. त्यातून बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात लॅपटॉपसोबतच जाईल. दिवाळीला आणि अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, घरी गेलात की एवढं करा. आखाजीला पोरी माहेरी येतातच, एखादीवर हे काम सोपवलं तरी चालेल. त्याच वेळी कॅलिबर, टेलस्केल आणि विंडोज अपडेट करा.

उघडत नसेल तर

आधी फोनवर टेलस्केल चालू आहे का ते पाहा. फोनची बॅटरी वाचवायच्या सेटिंगनं ते बंद पाडलेलं असतं, त्यामुळे त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या. मग टेलस्केलच्या यादीत घरचा लॅपटॉप 'कनेक्टेड' दिसतो का बघा. दिसत असेल आणि तरी पान उघडत नसेल, तर लॅपटॉपवर कॅलिबर बंद आहे किंवा विंडोज लॉगिनच्या पडद्यावर थांबलं आहे. दिसतच नसेल तर तिकडे लाइट, राउटर किंवा लॅपटॉप यांपैकी काहीतरी गेलं आहे.

दोन्ही वेळा घरी फोन करावाच लागणार. म्हणून घरच्यांना एवढंच शिकवून ठेवा: राउटरवरचे दिवे हिरवे आहेत का ते बघायचं, लॅपटॉपचं बटण दाबून पिन टाकायचा, आणि कॅलिबरची खिडकी उघडली की तिला हात न लावता झाकण मिटायचं. हे तीन ओळींत मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा. पिन मात्र त्यावर लिहू नका, तो नानांच्या डायरीत राहू द्या.

फोन हरवला तर उलटं काम. दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन त्या फोनसमोर 'रिमूव्ह' दाबा, मग गूगल खात्याचा पासवर्ड बदला आणि त्या फोनवरचं लॉगिन काढून टाका, शेवटी कॅलिबरमधला स्वतःचा पासवर्ड बदला. या क्रमानंच करा. पहिल्या पायरीनंतर त्या फोनवरून घरचा लॅपटॉप दिसत नाही, त्यामुळे बाकीचं संध्याकाळी निवांत करता येतं.